रस्त्यापलीकडची पीचची बाग

माझी बायको ऑर्लीन फेब्रुवारीत गेली आणि मे महिन्यात तिच्या नावाची पाटी लागणार होती. पाटी आधीच उभी केली होती, वर निळी ताडपत्री बांधून. युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारी, बाराला झेंडा वर गेला की ताडपत्री काढायची असं ठरलं होतं. पाटीमागे तिने लावलेली पीचची साठ झाडं. त्यांच्याभोवतीचं कुंपण पुरं करायचं काम माझ्याकडे होतं.

मी आयुष्यभर कुंपणंच घातली. हे जुन्या पद्धतीचं, नागमोडी. उभी फोडलेली लाकडं एकमेकांवर चढवायची, खिळा मारायचा नाही. यादवी युद्धातल्या लढाईच्या वेळी आमच्या टेनेसीत अशीच कुंपणं होती, म्हणून संस्थेलाही अशीच हवीत. संस्था म्हणजे बकहॉर्न ओढ्याची रणभूमी राखणारी मंडळी. ऑर्लीन त्यांच्यात अकरा वर्षं होती. त्यांचा नियम असा की १८६३ साली जे तिथे होतं ते परत आणायचं आणि जे नव्हतं ते काढायचं. या नियमात ऑर्लीन सगळ्यांत कडक. टेकडीवर सीडरचं रान माजलं होतं ते तिनेच तोडायला लावलं, कारण तोफा डागल्या तेव्हा टेकडी उघडी होती. गावातले लोक चिडले. आमच्याशी चर्चमध्ये दोन महिने कोणी धड बोललं नाही. ती म्हणायची, "झाडं कुठेही येतात. त्या दिवशी त्या माणसांना काय दिसलं, ते दुसरीकडे कुठे दिसणार?"

बागेचा पत्ता तिला एका नकाशावरून लागला. इंडियानाच्या एका शिपायाने घरी पाठवलेल्या पत्रामागे तो काढलेला आहे. एक रस्ता, त्याला आडवा जाणारा ओढा, रस्त्याच्या उजव्या हाताला बाग, बागेच्या कोपऱ्यावर झरा. कागदाच्या तळाला लिहिलंय, 'आमच्या तोफा'. पत्रात म्हटलंय की आमची माणसं या बागेत पडली आणि इथेच पुरली. उजवा हात म्हणजे पूर्व. म्हणून झाडं रस्त्याच्या पूर्वेला लावली.

कुंपणाचा कोपरा कुठे वळवायचा ते बघायला मी संस्थेच्या मेरिडिथकडून त्या नकाशाची प्रत मागून घेतली. इतकी वर्षं तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा, पण मी कधी वाचला नव्हता. ते तिचं काम होतं.

झऱ्याशी माझं अडलं. पूर्वेच्या त्या जमिनीत झाडांसाठी खड्डे मीच खणलेत. तिथे पाणी नाही. झरा आहे तो रस्त्याच्या पश्चिमेला, ड्यूई टॅकेटच्या कुरणात.

मी कागद आधी सरळ धरला. मग तो फिरवला. इंडियानाची माणसं उत्तरेकडून आली होती. गिऱ्हाइकाला कुंपण समजावताना मीसुद्धा समोर जे दिसतं ते कागदाच्या वरच्या अंगाला काढतो. त्या पोराचं तोंड दक्षिणेकडे असेल तर त्याच्या कागदावर दक्षिण वर येते, तळाच्या तोफा त्याच्या पाठीशी उत्तरेला, आणि उजवा हात म्हणजे पश्चिम. ऑर्लीनने उत्तर वर धरली होती, शाळेतल्या नकाशात असते तशी. तिचं म्हणणं, तोफा तोवर ओढा ओलांडून पुढे दक्षिणेला गेल्या होत्या. तेही होऊ शकतं. कागद असा धरला की हे खरं वाटायचं, तसा धरला की ते.

ड्यूईचं कुरण एका गोदामाच्या कंपनीला चाललं होतं. स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बैठकीत त्याला परवानगी मिळणार होती. म्हणजे मी गप्प बसलो तर ती माणसं गोदामाखाली जाणार. बोललो तर ऑर्लीनची साठ झाडं, तिच्याच नियमाने, तोडावी लागणार. पाटीही उतरणार. दोन रात्री मी याच्यापुढे गेलो नाही.

शनिवारी ड्यूईकडे गेलो. तो ट्रॅक्टरच्या सावलीत बसून सँडविच खात होता.

"ये व्हर्जिल. कुंपण घालायला आलास? उशीर केलास. आता इथे कुंपण ते लोकच घालतील, तारेचं."

"झरा बघायचाय तुझा."

"तहान लागली तर घरात चहा आहे, गोड, थंड."

"झरा बघायचाय, ड्यूई."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसत उठला. झऱ्याभोवती जुनी दगडाची बांधणी आहे, शेवाळलेली. दहा पावलांवर मोजणीवाल्यांच्या खुंट्या, गुलाबी फिती बांधलेल्या. मी त्याला कागद दाखवला, आधी असा, मग तसा.

"तुझी बायकोपण असंच करत होती," ड्यूई म्हणाला.

"काय करत होती?"

"कागद फिरवत होती. दोन वर्षं झाली असतील. इथे या दगडावर तासभर बसली होती. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली बाईला. पाणी दिलं."

"काही बोलली?"

"म्हणाली, ड्यूई, जमीन विकणार का? मी म्हटलं, तुम्हा लोकांना तर मेल्यावरही नाही. टेकडीवरची झाडं तोडल्याचा राग होता मला."

"आणि गोदामवाल्यांना जिवंतपणी?"

"त्यांनी माझी सावली तोडली नव्हती."

"अजून काय म्हणाली ती?"

"हसली. पाणी चांगलं आहे म्हणाली. गेली." त्याने टोपी मागे सारली. "तुला नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल. माझ्या लक्षात नसेल."

आमचा संसार चव्वेचाळीस वर्षांचा. दात काढायचा असला तरी ती मला आधी सांगायची. दोन वर्षांपूर्वी म्हणजे झाडं लावून तीन वर्षं झाली होती, पहिली फळं यायची होती. चूक कळली म्हणून गप्प बसली? माझ्यासाठी बसली? की तिने कागद फिरवून पाहिला आणि आपलंच बरोबर ठरवून घरी आली? की नुसतीच दमून बसली होती? घरी येऊन मी तिच्या फायली उघडल्या. नकाशाच्या तिच्या प्रतीवर झऱ्याशेजारी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह होतं. कधी काढलेलं, कोण जाणे. तिची सगळी कागदपत्रं प्रश्नचिन्हांनी भरलेली असत. वाणसामानाच्या यादीतसुद्धा 'अंडी?' असं लिहायची.

सोमवारी सकाळी रिवाजाप्रमाणे झेंडा टोकापर्यंत चढवून बारापर्यंत अर्ध्यावर आणला. सत्तर-ऐंशी माणसं आली होती. झाडांखाली टेबलं लावलेली, त्यावर तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड, झाकलेल्या पुडिंगच्या थाळ्या. ड्यूई आला होता, मागे उभा होता. बारा वाजायला पाच मिनिटं असताना मेरिडिथ माझ्याजवळ आली.

"मिस्टर व्हर्जिल, झेंडा वर गेला की दोन शब्द बोलाल ना? ऑर्लीनबाईंबद्दल काहीही चालेल."

"मला बोलता येत नाही."

"दोनच शब्द. मग दोरी ओढायची, ताडपत्री खाली येते. मी दोनदा करून पाहिलंय."

बिगुल वाजला. झेंडा वर गेला. सगळे माझ्याकडे वळले. दोरी माझ्या हातात होती. मी काय बोलणार होतो ते मला त्या क्षणीही ठाऊक नव्हतं.

"ही बाग इथे नव्हती," मी म्हणालो. "मला वाटतं, ती रस्त्यापलीकडे होती. ड्यूईच्या कुरणात, झऱ्यापाशी. माणसंही तिथेच असावीत."

एका टेबलावर कोणीतरी थाळीचं झाकण उघडलं होतं ते परत ठेवलं.

मेरिडिथ हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर व्हर्जिल, आपण हे नंतर बोलू या का?"

"नंतर म्हणजे उद्या. उद्या बैठक आहे."

"तुमची खात्री आहे?"

"नाही."

मी नकाशा काढून तिला दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. तिने तो फिरवला, पुन्हा फिरवला, मग रस्त्यापलीकडे पाहिलं, जिथे गुलाबी फिती हलत होत्या. तिचा चेहरा उतरला. ही झाडं लावताना तीही ऑर्लीनबरोबर गुडघ्यावर बसली होती.

"हे तुम्ही शोधलंत?" तिने विचारलं.

खरं उत्तर 'हो' होतं. निदान मला माहीत होतं तेवढ्यात तरी. मी म्हणालो, "ऑर्लीनने. दोन वर्षांपूर्वी."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"जमीन मिळत नव्हती. तिने विचारलं होतं."

मागून ड्यूई म्हणाला, "विचारलं होतं. मीच हुसकावलं." मग थोडं थांबून, कोणाकडेच न बघता, "अजून सही झालेली नाही माझी."

मेरिडिथने वहीत लिहून घेतलं. तारीख विचारली, मी अंदाजाने सांगितली. जमीन तपासायला माणसं आणावी लागतील, म्हणाली, आणि तोवर पाटी झाकलेलीच राहू दे. झाडांबद्दल ती बोलली नाही, मीही विषय काढला नाही.

लोक जेवायला बसले. मला कोणीतरी थाळी भरून दिली. आता संस्थेच्या कागदावर लिहिलं जाईल की बाग ऑर्लीन स्टॅम्परने शोधली, दोनदा. तिला ते कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. कळलं असेल तर मी तिचं गुपित फोडलं. नसेल तर मी खोटं बोललो. ड्यूई थाळी घेऊन माझ्यासमोर बसला आणि मीठ मागितलं. मी दिलं.