रेड्याचे डोळे

आमच्या तोराजाच्या डोंगरात माणूस मरत नाही.

खालच्या शहरांत माणसं मरतात, राजे मरतात, मोठमोठे डॉक्टरही मरतात. आमच्याकडे श्वास थांबला, अंग गार पडलं, तरी माणूस फक्त आजारी होतो. त्याला जेवण वाढायचं, कॉफी ठेवायची, बाहेर जाताना सांगून जायचं. मृत्यूवर इतका साफ विजय जगात कुणी मिळवला नसेल. तो टिकतो मात्र पुरेसे रेडे जमेपर्यंत. बळी द्यायला रेडे जमले, की समारंभाचा दिवस ठरतो आणि माणूस एकदाचा मरतो.

लाई पारे आजी अशीच गेल्या दोन सुग्यांपासून आजारी होती. दक्षिणेकडच्या खोलीत, लाल विणीच्या चादरीखाली निजून असायची.

या आजाराआधी तिची एक किरकोळ तक्रार होती. दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तांदूळ निवडताना ती खडे ठेवायची आणि तांदूळ फेकायची, आणि घरातले हसून हसून बेजार व्हायचे. "मला एकदा मकासारच्या इस्पितळात न्या रे," ती म्हणायची. थोरला मुलगा सांपे प्रेमाने समजूत घालायचा, "आई, या वयात नवीन काय बघायचं राहिलंय? सगळं बघून झालंय की तुझं." एके सकाळी तिला जिन्याची वरची पायरी दिसली नाही. आजाराचं निमित्त एवढंच.

मग मात्र सांपेने कसलीही हयगय केली नाही. आरोग्य केंद्रातल्या माणसाला आणायला लगोलग मोटारसायकल धाडली. देह टिकावा म्हणून फॉर्मेलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. आजीला कुणी इंजेक्शन दिल्याची ती पहिलीच वेळ. सोनेरी काड्यांचा चष्माही आला. समारंभात लावायच्या मोठ्या फोटोत चेहरा भारदस्त दिसायला हवा होता.

सांपे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, खोऱ्यात नाव असलेला माणूस. त्याच्या आईला साधे काळे रेडे चालणार नव्हते. त्याला ठिपक्यांचा रेडा हवा होता, गोरं अंग, त्यावर काळे शिंतोडे आणि निळसर डोळे असलेला. त्यासाठी आजीच्या नावचं भाताचं खाचर विकायचं ठरलं. पण सांपे रीत सोडणारा नव्हे. सगळे भाऊबंद जमवून तो आजीच्या उशाशी उकिडवा बसला. "आई, खालचं खाचर विकतोय. चालेल ना?"

आजी काही बोलली नाही.

"बघा," तो भाऊबंदांकडे वळून म्हणाला, "नाही म्हणाली नाही." खाचर गेलं, रेडा आला.

आठवडाभरात रेड्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं. घरात सुतकी शांतता पसरली. गुरांचा डॉक्टर रांतेपाओहून त्याच दिवशी हजर झाला. त्याने थेंब लिहून दिले, ऊन लागू देऊ नका म्हणाला. अंधारात रेडा घसरू नये म्हणून गोठ्यात बल्ब लागला. आजी ज्या जिन्यावरून पडली, तिथे ना बल्ब लागला, ना कठडा.

थेंब घालायचं काम दामारिसकडे आलं. ही सांपेच्या विधवा बहिणीची, रिबकाची मुलगी. घरातली एकुलती एक नर्स. आजीचे डोळे पांढरे होत गेलेले तिने पाहिले होते, आणि तेव्हापासून तिला मकासारच्या डोळ्यांच्या इस्पितळात जाऊन तेच काम शिकायचं होतं. मागच्या वर्षी तिची निवड झाली. "आजी आजारी असताना?" असं मामांनी विचारलं आणि ती राहिली. यंदा इस्पितळाने पुन्हा बोलावलं, आणि फोनवर बजावलं, की तिसऱ्यांदा बोलावणार नाही. ही बातमी तिला आली तेव्हा ती रेड्याची पापणी वर धरून उभी होती.

रविवारी चर्च सुटल्यावर भाऊबंद नेहमीप्रमाणे घरात जेवायला बसले. आजीच्या खोलीचं दार उघडं होतं; घरातलं बोलणं तिलाही ऐकू जावं अशी पद्धत आहे.

"मामा, मी संध्याकाळच्या बसने निघतेय," दामारिस म्हणाली. "मकासारला. तुम्हाला सांगितलं होतं."

"आणि मी नको म्हणालो होतो. तेही सांगितलं होतं." सांपेने डुकराच्या मांसाचा तुकडा तोंडात टाकला. "आजी आत पडून आहे आणि नर्स झालेली नात गावाला! मग एवढी शिकलीस कशाला? आजाऱ्याचं करायलाच ना?"

"ती हिंडत-फिरत होती तेव्हा करू द्यायचं होतं."

"दामारिस!" रिबका दबक्या आवाजात म्हणाली. "मामांना उलट बोलू नकोस."

"बोलू दे गं. पोरगी नाही, पुस्तकं बोलताहेत." सगळे हसले. हसू ओसरेपर्यंत सांपे थांबला. "अगं वेडे, एकदा समारंभ होऊन जाऊ दे. मग मकासारला जा, जकार्ताला जा, चंद्रावर जा. मी अडवतोय का?"

"समारंभ कधी?"

"बाकीचे रेडे जमले की."

"आणि ते कधी जमतील?"

सांपेने छताकडे पाहिलं. जणू रेडे तिथूनच उतरायचे होते. "देवाच्या मनात आलं की."

"लग्न ठरलं का पोरीचं?" कोपऱ्यातून म्हातारे पलिंगी ओरडले. ते कानाने अधू होते.

दामारिस उठली. आजीच्या खोलीत जाऊन उशाशी उकिडवी बसली.

"आजी, मी मकासारला चाललेय. डोळ्यांचं काम शिकायला. जाऊ ना?"

वयस्कर माणूस सावकाश बोलतो, म्हणून ती अदबीने थांबली. उशाशी ठेवलेल्या आजीच्या कॉफीच्या कपाच्या काठावरून एक माशी गोल फिरून आली. मग दामारिस बाहेर आली.

"नाही म्हणाली नाही."

"हा काय चावटपणा चाललाय?" सांपे कडाडला.

"चावटपणा कसला? खाचराच्या वेळी तुम्ही असंच विचारलंत. पलिंगी आजोबा, तुम्ही होता ना?"

हे मात्र पलिंगींना लख्ख ऐकू आलं. "होतो म्हणजे? साक्षीदार होतो मी! लाई पारे नाही म्हणाली नाही!"

"ते वेगळं!" सांपेचं तोंड लाल झालं. "अगं, ती बोलणार कशी? ती मे—"

शब्द त्याच्या दातांत अडकला. सगळ्यांचे घास हातात राहिले. तो शब्द पुरता बाहेर पडता, तर आजी तिथल्या तिथे मेली असती. एका पाणावलेल्या डोळ्याच्या रेड्यावर समारंभ उरकावा लागला असता, आणि सांपेला खोऱ्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मे काय, मामा?" दामारिसने विचारलं. "म्हणा ना. मेली असेल तर मी बस सोडते. काळे कपडे घालते, रडते, कड्यातल्या थडग्यात तिला ठेवेपर्यंत इथून हलत नाही. पण म्हणा, की मेली. दिसत नव्हतं म्हणून पडली, आणि पडून मेली. या घरात एकदा तरी कुणीतरी म्हणा."

कुणी म्हणालं नाही. सगळी सभ्य माणसं होती, रविवारच्या कपड्यांत होती, आणि समोर जेवण होतं.

"आजारी आहे ती," सांपे शेवटी म्हणाला.

"मग तिने परवानगी दिलीय."

सांपे ताडकन उठला. "घराण्याचं नाक कापलंस! आज या घरातून गेलीस, तर समारंभात तुझ्या नावाने मांसाचा वाटा पुकारला जाणार नाही! ऐकताय ना सगळे? तुकडासुद्धा नाही!"

आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. बायका तोंडावर हात ठेवून बसल्या. तेवढ्यात रिबका उठली. आजीच्या उशाशी ठेवलेला कप तिने उचलून आणला. गार झालेली कॉफी ओतून दिली आणि कप पुन्हा भरला.

"दादा, आईची कॉफी उद्यापासून मी ठेवेन. जेवणही. ती मकासारला न्या म्हणायची, तेव्हा मीसुद्धा तुझंच ऐकलं." "दामारिस, बस चुकेल तुझी."

दामारिस बॅग घेऊन जिना उतरली. वरच्या पायरीवर नकळत हात कठड्यासाठी गेला, आणि रिकामा परत आला. खाली गोठ्यात भर दिवसा बल्ब जळत होता.

मागून धाडधाड पावलं वाजली. सांपे तिच्या मागोमाग उतरत होता. वर दारात सगळे भाऊबंद दाटले. आता हा बॅग हिसकावणार, असं वाटून दामारिसने ती छातीशी धरली.

सांपे समोर येऊन उभा राहिला. त्याने एकदा घराकडे वळून पाहिलं, एकदा गोठ्याकडे. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"जातेस तर जा. पण तेवढे थेंब घालून जा ना. माझ्या हाताला तो डोळा उघडू देत नाही."