वेस कुबेनाचं शून्य

दर एप्रिलमध्ये, ड्राफ्टच्या आठवड्यात, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ विद्यापीठांतून नवे खेळाडू निवडतात तेव्हा, टीव्हीवर एक यादी दाखवतात: आजवरचे सर्वांत फुसके बार. मोठ्या संघांनी वाजतगाजत पहिल्या पाच-दहांत निवडलेले आणि मैदानात उतरल्यावर नुसता धूर सोडलेले खेळाडू. त्या यादीत सातव्या नंबरवर आमच्या मोराविकाचा वेस्टन कुबेना आहे. टेक्सासातल्या साडेअकराशे वस्तीच्या गावाला देशात सातवा नंबर दुसऱ्या कशात मिळणार होता? यादी लागली की खाटकाच्या दुकानात सगळे उभ्याने बघतात. मधल्या एका वर्षी तो आठवा झाला, तेव्हा गावाने दिवसभर सुतकी चेहरे केले होते.

वेस डाव्या टोकाचा रक्षक. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकतो, तेव्हा त्याच्या पाठीकडून धावत येणाऱ्या धटिंगणांना अडवायचं, एवढंच काम. ते नीट केलं तर कुठेच नोंद होत नाही, घरकामासारखं. नोंद होते ती चुकल्याची. क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा झाला की एक ‘सॅक’, आणि पुढच्या रकान्यात, कोणामुळे.

उत्तरेकडच्या एका बर्फाळ शहराने त्याला देशातून तिसरा निवडला. अकरा सामने, चौदा सॅक. दुसऱ्या वर्षी घरी पाठवला. तेव्हापासून तो मामाची सेप्टिक टँक उपसायची गाडी चालवतो. तिसऱ्या नंबरवरून दोन नंबरच्या कामाला लागला, हा विनोद मी गावात सतरा वेळा ऐकला आहे. त्यातल्या चार वेळा माझ्याच तोंडून.

यंदाच्या जुलैमध्ये शाळेतली रक्षकांच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली आणि वेसने अर्ज केला. लोकांना हसू आलं. मला आलं नाही. गेली सहा वर्षं रोज दुपारी तो ती गाडी शाळेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर लावून सराव बघत बसतो, हे मला माहीत होतं. पोरांनी विनंती केली म्हणून वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला लावतो, पण लावतो.

शाळेच्या मंडळात सात जण. तिघे वेसच्या बाजूने, तिघे विरुद्ध, आणि सातवा म्हातारा अलोईस मॅरेक, जो कानातलं यंत्र आपल्या सोयीने चालू-बंद करतो. विरोधकांचा म्होरक्या म्हणजे अध्यक्ष रॉइस जांडा. त्याचा मुलगा डस्टिन हा वेसच्याच वेळचा आमचा क्वार्टरबॅक. रॉइसचं म्हणणं खोडून काढायला कठीण होतं. शाळेत तीन वर्षांत ह्या पोराने एकही सॅक होऊ दिला नाही, शून्य. मैदानाबाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ते शून्य पुरुषभर उंचीचं रंगवलं आहे. मग तिकडे जाऊन चौदा कसे झाले? अंगात होतं, पण केलं नाही. पैसे मिळाले आणि आळसावला. आळशी माणूस आमच्या पोरांच्या हातात द्यायचा नाही.

आता त्या शून्याचं सांगते. ते मी काढलं.

चौतीस वर्षं शाळेच्या सामन्यांची वही माझ्याकडे आहे. मी, अर्लीन होलुब, मैदानावरच्या लाकडी माचीत बसून पेन्सिलीने प्रत्येक डाव टिपते. माझे आकडे गावच्या साप्ताहिकात छापतात आणि तिथून पुढे कुठे कुठे जातात. वेसची आई अ‍ॅग्नेस दर शुक्रवारी माचीत कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, घेऊन यायची, कापडाखाली, अजून वाफ येणारे. लाच म्हणाल तर लाच; मी त्याला फराळ म्हणायचे. पहिल्या वर्षी वेसच्या बाजूने एक आडदांड पोरगा घुसला आणि डस्टिन पालथा झाला, तेव्हा अ‍ॅग्नेस माझ्या शेजारीच उभी होती, हातात परात घेऊन. ‘कोणामुळे’ ह्या रकान्यात मी लिहिलं: बारा नंबर, चेंडू फार वेळ धरला. बारा नंबर म्हणजे डस्टिन. एकदा लिहिल्यावर दुसऱ्यांदा हात अडखळत नाही. असं तीन वर्षांत नऊ वेळा झालं.

मग साप्ताहिकाने ‘शून्य’ छापलं, विद्यापीठवाले आले, त्यांनी ते शून्य पाठ केलं, आणि ड्राफ्टच्या दिवशी टीव्हीवरच्या चकचकीत सूटवाल्यानेही तेच सांगितलं. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर.

मंडळाची बैठक सोमवारी होती. शनिवारी वेस माझी टाकी उपसायला आला. नळी लावून झाल्यावर मी त्याला अंगणात बर्फाचा चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. त्याने ग्लास संपेपर्यंत ऐकलं.

“नऊ ना, मिस अर्लीन? माहीत आहे मला,” तो म्हणाला. “मीच होतो तिथे.”

“मग कधी बोलला का नाहीस?”

“आधी बरं वाटायचं म्हणून. नंतर भिंत रंगवली म्हणून.” मग नळीकडे बघत म्हणाला, “सोमवारी काही बोलू नका. आईला त्या शून्याचं फार आहे. मला आळशी म्हणू देत.”

“आळशी म्हटलं तर जागा मिळणार नाही तुला.”

“हो. ते आलं लक्षात.” ग्लास परत देऊन तो नळी गुंडाळायला गेला. मोठा माणूस आहे, सव्वासहा फुटांच्या वर. पण वाकला की खांदे अगदी शाळकरी पोराचे दिसतात.

सोमवारी सहा वाजता, उन्हं अजून खिडकीत असताना, शाळेच्या ग्रंथालयात बैठक भरली. अ‍ॅग्नेस दुसऱ्या रांगेत, चर्चचा निळा पोशाख घालून. रॉइसने आपलं भाषण केलं. शून्य आणि चौदा, शून्य आणि चौदा, असं बोटांनी मोजून दाखवलं, जणू गणित त्यानेच शोधलंय. वेस खाली मान घालून बसला होता. मतदान घ्यायची वेळ आली, आणि मी वही घेऊन उभी राहिले. वेसने मानेनेच नको म्हटलं. मी तिकडे पाहिलं नाही.

“शून्य खोटं आहे,” मी म्हणाले. “नऊ आहेत. मी ते डस्टिनच्या नावावर लावले. हा मुलगा आळसावला वगैरे काही नाही. त्याची किंमत आपण फुगवली आणि तिकडच्यांनी ती मोजली.”

ग्रंथालयात एवढी शांतता तिथल्या पाट्यांनीही कधी आणली नसेल. मी अ‍ॅग्नेसकडे बघायची हिंमत करत होते, तेवढ्यात तीच उठली.

“नऊ नाही, अर्लीन. अकरा,” ती म्हणाली. “दोन तुला दिसलेच नाहीत. तू खात होतीस.”

आधी अलोईस हसला. म्हणजे यंत्र चालू होतं. मग सगळे हसले. वेस आपल्या आईकडे असा बघत राहिला की ही बाई कोण. तिने त्याला खुणेनेच सांगितलं, ऊठ, बोल आता.

वेस उठला आणि ते अकराच्या अकरा सांगू लागला. कोणती शाळा, समोरच्या पोराचं आडनाव काय, तो आतून गेला की बाहेरून. मग त्याला शब्द पुरेनात. तो रॉइसला म्हणाला, “साहेब, जरा इकडे या. माझ्या डाव्या खांद्याकडून निसटायचा प्रयत्न करा.”

रॉइस पासष्ट वर्षांचा, गुडघे बदललेला. पण तरुणपणी तो ह्याच मैदानावर खेळलाय, आणि असं आव्हान मोराविकात कोणी नाकारत नाही. कोट खुर्चीवर टाकून तो आला आणि वेसच्या बाजूने चक्क निसटून गेला, थेट विश्वकोशांच्या कपाटापर्यंत.

“बघितलं?” वेस म्हणाला. “चेंडू हलायच्या आत माझा डावा पाय उठतो. घाई. मग वजन टाचेवर जातं, आणि कोणीही जातं. शाळेत मला हे कोणी सांगितलं नाही, कारण वहीत शून्य होतं. विद्यापीठात मी सगळ्यांपेक्षा दांडगा होतो, तिथे खपलं. तिकडच्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तोवर पाय माझं ऐकेनासा झाला होता.”

वहीत शून्य होतं, हे त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अलोईसने टेबलावर बोट वाजवलं. “आपल्या आत्ताच्या पोरांचं काय? त्यांचा उठतो का पाय?”

“पाचांतल्या चौघांचा,” वेस म्हणाला. “पाचवा झोपाळू आहे म्हणून वाचलाय.”

“कधी दुरुस्त होईल?”

“दोघांचा सप्टेंबरपर्यंत. तिसऱ्याचा नाताळात. चौथ्याचं काही सांगत नाही. तो माझ्यासारखाच आहे.”

चार विरुद्ध तीन. अलोईसचं मत वेसला. रॉइसने विरुद्धच दिलं, पण असं पुटपुटत की चिटणिसाला दोनदा विचारावं लागलं. अ‍ॅग्नेसने रुमालाने नाक पुसलं आणि नवऱ्याला गाडी दाराशी आणायला सांगितलं.

पुढचा विषय सामन्यांची वही. तो विषयपत्रिकेत नव्हता, आयत्या वेळी आला, आणि सात विरुद्ध शून्य असा मंजूर झाला. माझ्या बाजूने एखादं तरी मत पडेल असं मला वाटलं होतं. अलोईसच्या तर लग्नाचा केक मी केला होता. चिटणिसाने वही घेतली, पेन्सिल मात्र माझी मला परत दिली. वाईट वाटलं ते दाराबाहेर येईपर्यंत कोणाला दाखवलं नाही.

बाहेरच्या बोळात, चषकांच्या कपाटापाशी, रॉइस भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता. तीन वर्षं दर शुक्रवारी सामना संपल्यावर, गाड्या लावतात तिथे सगळ्यांसमोर, ह्या माणसाला पोरावर ओरडताना मी ऐकलंय: चेंडू सोडत का नाहीस, काय अंड्यासारखा उबवायचाय? डस्टिन आता डॅलसला विमा विकतो आणि गावी फक्त मयताला येतो.

मी आवाज न करता पुढे जाणार होते, पण पाय थांबले.

“नाही रे, कोणी मेलं नाही,” रॉइस सांगत होता. “आई बरी आहे. सगळे बरे आहेत. फोन ठेवू नकोस. तू तो चेंडू... डस्टिन, ऐक ना. तू तो चेंडू वेळेवर सोडत होतास.”

पलीकडून काय उत्तर आलं, कळलं नाही. रॉइसने मात्र फोन कानाला घट्ट धरला, आणि मी तिथून निघाले.