लंडनला पुरणपोळी

माझा स्वभाव तापट, हे अख्ख्या अंधेरीला ठाऊक आहे. पण अनंताबद्दल मी कुणाला ब्र काढू दिला नाही. तीन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा नणंद म्हणाली, "पोटचा मुलगा लंडनात, आणि सगळं पुतण्याने करायचं?" मी तिथल्या तिथे तिला गप्प केलं. "अठरा दिवस लागतात बोटीला, वन्सं. तेराव्यालासुद्धा पोचला नसता तो." त्याची तारच तशी आली होती.

लंडन किती लांब, हे मला डब्यावरून कळायचं. बोटीने पाठवायचं म्हणजे महिनाभर टिकेल तेच. बेसनाचे लाडू, मेतकूट, लोणचं. अनंताचा जीव पुरणपोळीवर, पण ती कसली टिकते? सात होळ्या मी पोळी नुसती ताटात घेऊन बसले.

यंदा नणंदेचा जावई चंद्रप्रकाश कंपनीच्या कामाला विमानाने निघाला. कांदिवलीहून मुद्दाम सांगायला आला. "मामी, आज संध्याकाळी बसलो की उद्या रात्री लंडन." विमानं आमच्या छपरावरून रोज जातात, पण ती दिल्ली-मद्रासची, असाच माझा समज. मला काही खरं वाटेना. तरी मी पुरण शिजायला घातलं आणि पोळ्या केळीच्या पानात बांधून दिल्या.

पंधरवड्याने तो रिकामा डबा घेऊन आला. मी दारातच विचारलं, "आंबल्या नाहीत ना?"

"छे हो. मऊसूत होत्या. उभ्या उभ्या चार खाल्ल्या त्याने. डोळे भरून आले त्याचे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. लगबगीने चहाचं आधण ठेवलं आणि सहज म्हटलं, "ही विमानं नवीनच निघाली का हो?"

"नवीन कुठली, मामी? आठ-नऊ वर्षं झाली की."

चहात साखर घालायची राहूनच गेली. त्याने बिचाऱ्याने तसाच प्यायला.

म्हणजे हे गेले तेव्हाही विमान होतं. अग्नीला नाही, पण दहाव्याला तरी तो आला असता. पैसे नसतील पोराकडे, कबूल. भाडं काय थोडं असतं? मग तसं कळवायचं. मी समजून घेतलं असतं. "बोटीने पोचणार नाही" म्हणून तो मोकळा झाला, आणि तेच मी घरोघर सांगत फिरले, माणसांशी भांडले. कुठून त्या पोळ्या पाठवायची बुद्धी झाली मला. लंडन लांब होतं तेच बरं होतं.

काल बेसन भाजत होते. शेजारची सुगंधा डोकावली. "अनंतासाठी ना गं? विमानाने पाठव की. पुरणपोळी कर."

मी झारा थांबवला नाही. म्हटलं, "नाही गं. फार लांब आहे ते. अठरा दिवस लागतात."