उंदरिणींचा कौल

विज्ञान हे मानवजातीचं आशास्थान आहे. त्या सकाळी ते आशास्थान पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून स्वतःची शेपटी चाटत होतं.

धाकटीने त्याला मानगुटीला धरून उचललं आणि छातीवरची गाठ मोजली. प्रयोगशाळेत तिचं काम एवढंच: उंदरिणींचे अंडाशय काढायचे आणि हार्मोन थांबल्यावर स्तनातल्या गाठी आटतात का ते बघायचं. अर्ध्या उंदरिणींचं पोट नुसतं उघडून परत शिवायचं, म्हणजे तुलना करता येते. घेणं ना देणं, फुकटचे टाके. धाकटीला याचं आता वाईट वाटत नसे. चांगलंही वाटत नसे.

तिच्या थोरल्या बहिणीच्याही छातीत गाठ निघाली होती. तपासण्या व्हायच्या होत्या, पण अंडाशय काढावे लागतील असं डॉक्टर बोलून बसले होते. ताई अडून बसली होती.

"आधी तुझ्या उंदरिणींचं काय होतं ते कळू दे," ती फोनवर म्हणाली. "डॉक्टर काय, तोंडाला येईल ते बोलतात."

"ताई, तू उंदीर नाहीस."

"तुझ्या भावजींना विचार. दिवसभर डोकं कुरतडते म्हणतात."

गाठी आटल्या. धाकटीने तसं कळवलं, आणि ताईने ऑपरेशनला होकार दिला. मग एका उंदरिणीची गाठ पुन्हा वाढायला लागली.

"एका उंदराने शास्त्र बदलत नाही," प्रयोगशाळेचे सर म्हणाले. "वगळा तिला."

धाकटीने वगळायच्या आधी तिला मारून उघडलं. डाव्या बाजूला, चरबीत, अंडाशयाचा मोहरीएवढा तुकडा राहिला होता. ऑपरेशन तिनेच केलेलं. तेवढ्या तुकड्यावर गाठीची चूल पेटती राहिली होती. तिने हातमोजे टाकले, हात धुतले आणि डबा खाल्ला.

संध्याकाळी तिने ताईला सांगून टाकलं.

"म्हणजे तुझा हात चुकला."

"हो."

"मग माझ्या पोटाला तू हात लावू नकोस म्हणजे झालं. बाकी ठरलं ते ठरलं."

दोघी बॅग भरून दवाखान्यात गेल्या. ताई उगाचच बडबडत होती. धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत होती. डॉक्टरांनी चष्मा चढवला, नुकताच आलेला तपासणीचा निकाल वाचला आणि ऑपरेशन रद्द केलं. ताईची गाठ हार्मोनवर वाढणाऱ्या जातीची नव्हतीच.