मनुबाईच्या नावाचा दगड

मी मनुबाईच्या नावाचा दगड बोलतोय. येळ्ळूरच्या शिवारात, शामूच्या बांधावर उभा आहे. जात काळी, टणक. गुळगुळीत बोलणं मला जमत नाही.

वीस वर्षांपूर्वी बायको गेली आणि शामू मला घ्यायला आला. उद्यमबागेतल्या कारखान्यात ओतकाम करणारा, ताठ मानेचा माणूस. पाथरवटानं विचारलं, "माहेरचं नाव घालू का?"

"कशाला? मनुबाई, शामूची बायको. बास झालं."

छिन्नी चालली. तेवढंच कोरलं गेलं.

यंदा त्याची नात रूपाली आली. कॉलेजात इतिहास शिकते. माझ्यावरची माती पुसत म्हणाली, "आप्पा, ग्रीस देशात दोन हजार वर्सांमागचे थडग्यांचे दगड हायत. बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव. पोरं सांभाळणाऱ्या दाईचंबी. वाटसरूला थांबवून नाव वाचायला लावत्यात. आज्जीचं पयलं नाव काय व्हतं?"

 शामू म्हणाला, "लग्नात तांदळावर अंगठीनं मनुबाई लिवलं मी. त्याच्या आदलं एकदा ऐकलं असंल. ध्यानात न्हाय."

मनुबाई शाळेत गेली नव्हती. कागदोपत्री सगळीकडं मनुबाईच. शामू एस.टी.नं तिच्या माहेरी, खानापूरकडं गेला. भाऊ कधीच वारला होता. गावात तिच्या वयाची एकटी जयाबाई उरलेली.

परत आल्यावर त्यानं माझ्यासमोरच रूपालीला सांगितलं.

"काय म्हणाली जयाबाई?"

"म्हणाली, चाळीस वर्सं तिच्या हातचं जेवलास, आन् नाव इचारायला आत्ता सवड झाली व्हय रं?"

"आणि नाव?"

"बाळी म्हणायचे. गावातल्या समद्याच पोरी बाळी. खरं नाव तिलाबी ठावं न्हाय."

मला पाथरवटाचा प्रश्न आठवला. त्या दिवशी मनुबाईचा भाऊ शेजारीच उभा होता. विचारायला हवं होतं, एवढंच.

गेल्या आठवड्यात शामू पाथरवटाला घेऊन आला. 'शामूची बायको' या शब्दांवर बोट ठेवलं. "हे खोड."

"मग तिथं काय घालू, आप्पा?"

"काय न्हाय. तिचं नाव घावलं न्हाय, तर माझंबी नगं."

आता माझ्या अंगावर एक ओळ खरवडलेली आहे. लोक थांबतात, हात फिरवतात, काय होतं म्हणून विचारतात. तिथं कोणतं नाव हवं होतं, ते मला सांगता येत नाही. तुमच्या घरची म्हातारी अजून बोलते आहे. तिच्याजवळ बसा आणि विचारा.