एका चहाच्या किमतीत क्रेडिट रिपोर्ट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कंपनीने तिला तिसऱ्यांदा कळवलं, की ती ती नाही.

मोबाइलवरचे शब्द जरा सभ्य होते. ‘क्षमस्व! आपली ओळख पटू शकली नाही. पुन्हा प्रयत्न करण्यासाठी शुल्क भरा.’ खाली हसऱ्या तोंडाचा एक निळा गोळा डोलत होता. तिने हातातली कवळी टेबलावर ठेवली, बोटांवरचं मेण एप्रनला पुसलं आणि गोळ्याकडे बघत म्हणाली, “दात काढतोय मेला.”

“किती झाले?” मास्तरांनी पॉलिशच्या यंत्रावरून मान न उचलता विचारलं.

“तीन चहा.”

जाहिरातीत तसंच लिहिलं होतं: तुमचा क्रेडिट रिपोर्ट, फक्त एका चहाच्या किमतीत. तो एक चहा प्रत्येक प्रयत्नाला नव्याने पाजावा लागतो, हे लिहिलेलं नव्हतं.

दवाखान्यांना कवळ्या बनवून देणारी ही कार्यशाळा म्हणजे गल्लीतल्या इमारतीची तळमजल्यावरची एक खोली. दाराशी प्लास्टरचं पिंप, खिडकीखाली मेण वितळवायचं भांडं, भिंतीला लागून फळ्या आणि फळ्यांवर छोट्या डब्यांमधून वरचे आणि खालचे दात. मास्तरांनी इथे उभी हयात काढली होती. ती त्यांच्या हाताखाली सोळा वर्षं होती. महिनाअखेर मास्तर मुलीकडे राहायला जाणार होते, यंत्रं तिला देऊन. खोली मात्र त्यांची नव्हती. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांची एकच अट होती: ज्याच्या नावाने भाडेकरार व्हायचा, त्याचा क्रेडिट रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या हातात पडला पाहिजे. नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण आगाऊ रक्कम घेऊन उभाच होता. शेजारपाजारच्या गल्ल्यांत दुसरी खोली नव्हती आणि प्लास्टरची धूळ उडवणारा भाडेकरू कोणालाच नको होता.

रिपोर्टसाठी कंपनी आधी चेहऱ्याचा फोटो मागायची, मग ओळखपत्र, मग तीन प्रश्न. प्रश्न असे: आपण दुचाकीसाठी घेतलेल्या कर्जाचा कालावधी किती? त्या कर्जाशी जोडलेल्या फोननंबरचे शेवटचे आकडे कोणते? खालीलपैकी कोणत्या पत्त्यावर आपण राहिला आहात? प्रत्येकाला चार पर्याय आणि पाचवा ‘यापैकी नाही’. तिने आयुष्यात दुचाकी घेतली नव्हती. तिला ती चालवताही येत नव्हती. तिन्ही वेळा तिने खरं उत्तर दिलं, पाचवा पर्याय, आणि तिन्ही वेळा नापास झाली.

“माझ्याच नावाची दुसरी कोणी बाई असणार,” ती म्हणाली. “तिचं आणि माझं एकात घातलंय.”

“फोन कर त्यांना. माणसाशी बोल.”

माणसापर्यंत पोचायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तिने एका वरच्या कवळीचे पुढचे सहा दात मेणात बसवले. फोन टेबलावर पालथा पडून सनईसारखं काहीतरी वाजवत होता आणि मधूनमधून एक बाई सांगत होती, की आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात. शेवटी एक तरुण आवाज आला.

“मॅडम, प्रश्न तुमच्याच रिपोर्टमधून तयार होतात.”

“पण त्यातलं काही माझं नाही.”

“ते रिपोर्ट बघितल्यावर कळेल, मॅडम.”

“मग दाखवा.”

“प्रश्नांची बरोबर उत्तरं दिलीत की लगेच दिसेल.”

“अहो, बरोबर उत्तरं कुठे आहेत?”

“रिपोर्टमध्ये, मॅडम.”

यंत्र बंद करून मास्तर ऐकत होते. त्यांनी कपाळावर हात मारला.

“हे बघा भाऊ,” ती म्हणाली, “मी इथे बसलेय. माझा फोटो तुमच्याकडे आहे, ओळखपत्र आहे. मी मीच आहे.”

“मी समजू शकतो, मॅडम. आता तुमचा एकच प्रयत्न शिल्लक आहे. तो चुकला तर खातं महिनाभरासाठी बंद होईल. आणखी काही मदत करू शकतो?”

“आणखी म्हणजे? आधी काय केलीत?”

फोन ठेवताक्षणी संदेश आला: आमच्या सेवेला किती तारे द्याल? त्यापाठोपाठ दुसरा, त्याच कंपनीचा, तिच्या पूर्ण नावाने, आडनावासकट: अभिनंदन! तुमची पत लक्षात घेऊन तुमच्यासाठी खास कर्ज मंजूर होऊ शकतं.

तिने तो मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

“म्हणजे उधार द्यायला तू तू आहेस.”

“आणि बघायला नाही.”

“दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, हे मला नको सांगू,” मास्तर म्हणाले. “मी दोन्ही बनवलेत. पण असला जबडा नाही पाहिला कधी.”

ती हसली नाही. तिच्या तोंडाला कडवट चव आली होती. कवळीच्या रसायनाचा वास सोळा वर्षांत तिला कधी लागला नव्हता. त्या दिवशी तो घशात बसला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई टीव्हीसमोर मटार सोलत बसली होती आणि धाकटा भाऊ खुर्चीत पाय पसरून प्रश्नमंजूषेतल्या स्पर्धकावर ओरडत होता. घरात त्याला वकील म्हणत. वकिली तो शिकला नव्हता, पार्सलं पोचवायचं काम करायचा. पण समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. शाळेत गुरुजींनी त्याला यासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं, तरी दारातून तो उत्तरं देतच होता. लग्न मोडून तो परत आल्याला तीन वर्षं झाली होती.

“‘ब’! अरे ‘ब’ म्हण, गाढवा!” तो टीव्हीला म्हणाला. “ताई, तोंड का एवढं उतरलंय?”

तिने सांगितलं. खोली, गुरुवार, तीन चहा, शेवटचा प्रयत्न.

“एवढंच ना? आण इकडे. तुला फोन म्हणजे नुसता फोन करायला.”

“नको. चुकलं तर महिनाभर बंद. खोली जाईल.”

“जायला मी काय झोपा काढतोय? बस इथे.”

आई म्हणाली, “दे गं त्याला. त्याला कळतं त्यातलं.”

तिने चौथा चहा भरला. फोटो काढताना त्याने तिला दिव्याकडे तोंड करायला लावलं, पदर नीट कर म्हणाला, “मुलगा बघायला आलाय समज,” म्हणाला. आई हसली. मग प्रश्न आले. वेळ मोजणारं वर्तुळ फिरू लागलं. फोन त्याच्या हातात होता. ती शेजारून मोठ्याने वाचत होती.

“आपण दुचाकीसाठी घेतलेल्या कर्जाचा कालावधी किती? एक, बारा महिने. दोन...”

“तीन,” तो म्हणाला आणि दाबलं.

“अरे! वाचू तर दे.”

“वेळ चाललाय. पुढचा वाच.”

“त्या कर्जाशी जोडलेल्या फोननंबरचे शेवटचे आकडे...”

“पहिला.”

ती थांबली. तो थांबला नाही. तिसरा प्रश्न त्यानेच वाचला, ओठांतल्या ओठांत, आणि पत्त्यांच्या यादीत रंगाच्या दुकानावरचा दुसरा मजला दिसताच त्याचं बोट त्यावर पडलं. लग्नानंतर पहिलं वर्ष तो तिथे भाड्याने राहिला होता. ती तिथे फक्त दोनदा गेली होती, एकदा भांडी पोचवायला आणि एकदा भांडण सोडवायला.

फोनने घंटा वाजवली. निळा गोळा पडद्यावर उड्या मारू लागला. ‘अभिनंदन! आपली ओळख पटली.’

“बघ!” वकील म्हणाला. पुढे काही बोलायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

टीव्हीवर टाळ्या पडत होत्या. तिने तो बंद केला.

“तुला कसं माहीत?”

“अंदाज.”

“तिन्ही?”

तो फोनकडे बघत राहिला. ती आईकडे वळली. आईच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती आणि आई त्यातले दाणे काढत नव्हती.

“आई?”

“मला वाटलं, फिटलं असेल,” आई म्हणाली.

मग हळूहळू बाहेर पडलं. सहा वर्षांपूर्वी त्याला कोणी कर्ज देत नव्हतं आणि गाडीशिवाय काम नव्हतं. ताईच्या नावावर एक पैचं देणं नव्हतं. नव्या सिमकार्डाचे कागद म्हणून त्याने ज्यांवर तिच्या सह्या घेतल्या, त्यांत कर्जाचेही होते. संसार होता तोवर हप्ते गेले. तो मोडल्यावर थांबले. पत्ता त्याचा, फोननंबर त्याचा. वसुलीवाल्यांचे फोन त्यालाच यायचे. मग त्याने तो नंबरच टाकून दिला.

“आणि तू मला त्याच गाडीवरून कामावर सोडत होतास,” ती म्हणाली. “पेट्रोलचे पैसे घेऊन.”

“घरातल्या घरात आहे ना गं,” आई म्हणाली. “बाहेर कोणाला फसवलंय त्याने?”

“मी बाहेरची असते तर बरं झालं असतं.”

“ताई, मला गप्प बसता आलं असतं,” वकील म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. “तुझी खोली गेली असती, तुला कधी कळलंही नसतं. तुझं अडलं होतं म्हणूनच...”

“नाही रे. तुला उत्तर येत होतं म्हणून.”

 ती न्हाणीघरात गेली आणि तिने हात धुतले, मग कोपरापर्यंत धुतले. मटार कोणीच शिजवले नाहीत.

रिपोर्ट चार पानांचा होता. नाव तिचं, जन्मतारीख तिची, कर्ज एकच. त्यापुढे तांबड्या अक्षरांत ‘थकीत’.

बुधवारी सकाळी तिने कार्यशाळेतून कंपनीला पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज मुलीचा होता. हे कर्ज मी घेतलेलं नाही, नोंद काढून टाका, असं तिने सांगितलं.

“मॅडम, काल संध्याकाळी आपण या कर्जाबद्दलच्या प्रश्नांची अचूक उत्तरं दिली आहेत.”

“ती मी दिली नाहीत.”

“मग रिपोर्ट दुसऱ्या कोणी उघडला का? तसं असेल तर तो नियमभंग धरला जातो आणि खातं बंद होतं.”

तिने फोन कानापासून दूर धरला, पुन्हा कानाला लावला.

“मी खरं बोलत होते तेव्हा तुम्ही मला खोटी ठरवलंत,” ती म्हणाली. “खोटी उत्तरं गेली तेव्हा मी खरी झाले. आता त्याच उत्तरांवर कर्ज माझ्या गळ्यात?”

“आपली गैरसोय समजू शकते, मॅडम. पोलिसांत तक्रार केल्याची प्रत जोडलीत तर नोंदीपुढे ‘वादग्रस्त’ असा शेरा लागेल. आपल्याला सुवर्ण योजनेचा लाभही चालू झाला आहे.”

“ती कोणी मागितली?”

“काल फोटोनंतर खूण केली आहे, मॅडम. दरमहा आपोआप शुल्क जाईल. बंद करायची असल्यास लेखी अर्ज टपालाने.”

मास्तरांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. “घे, चूळ भर,” म्हणाले. तिने खरोखरच भरली.

गुरुवारी दुपारी ती वरच्या मजल्यावर गेली आणि चारही पानं मालकीणबाईंपुढे ठेवली. काही लपवलं नाही, फक्त ‘कोणीतरी माझ्या नावावर घेतलंय’ एवढंच म्हणाली. मालकीणबाई हिशेबी होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी तांबड्या ओळीवर नख टेकवलं.

“कोणीतरी म्हणजे?”

तिने पानांच्या कडा जुळवल्या.

“हे बघा, तुमची कवळी घालून माझी सासू मरेपर्यंत जेवली. मी सोमवारी पाचपर्यंत थांबते. तक्रारीची प्रत आणा, करार करू. नुसत्या तोंडच्या बोलण्यावर नाही.”

शुक्रवारी वकिलाने गाडीची किल्ली ताईच्या उशाशी ठेवली आणि पार्सलं पोचवायला पायी गेला. शनिवारी आई म्हणाली, तक्रारीत नाव नाही टाकलं तर नाही का चालणार. रविवारी आईने दोनदा ताट वाढलं, ती दोन्ही वेळा जेवून उठली आणि चव विचारल्यावर “माहीत नाही,” म्हणाली.

सोमवारी दुपारी ती पोलीस चौकीत गेली. हवालदार बरा होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, चारही पानं चाळली आणि असले प्रकार रोजचे झाल्याचं सांगितलं.

“बहुतेक घरचंच माणूस निघतं,” तो म्हणाला. “कागद बाहेरच्याच्या हातात कसे जातील? तुमचा कोणावर संशय?”

“नाव दिलंच पाहिजे?”

“मला काय, ‘अज्ञात’ लिहितो. पण सांगून ठेवतो, पत्ता यात छापलाय. त्या पत्त्यावर तेव्हा कोण राहत होतं, ते आम्ही विचारणारच. मग तुम्हाला माहीत होतं आणि सांगितलं नाहीत, असं होईल.”

तिने पाणी मागितलं. हवालदार आणायला उठला. तेवढ्यात फोन थरथरला. वकिलाचा संदेश होता, दोनच शब्दांचा: काय सांगितलंस? त्याच्यावर कंपनीचा, सकाळपासून न उघडलेला: आपला अनुभव कसा होता?

चार वाजून वीस मिनिटांनी ती अजून त्या खुर्चीवर होती. पाण्याचा ग्लास रिकामा होता आणि हवालदार पेनाचं टोपण काढून वाट बघत होता. तिकडे कार्यशाळेत कव्हरवाला फळ्यांची मापं घेऊन गेला होता. मास्तरांनी यंत्रं अजून आवरायला घेतली नव्हती. खोलीची किल्ली त्यांच्या खिशातच होती.