फर्लो केले आहे

नोटिशीत एकच शब्द अडला: फर्लो. कारखान्यात शर्टांना काजं करणाऱ्या मावशींनी ती घरी आणून भाचीपुढे ठेवली. उद्यापासून येऊ नका, एवढं मात्र कळत होतं.

अर्थ. भाचीने शब्दकोश उघडला. "क्रियापद आहे. कामगाराला बिनपगारी रजेवर पाठवणं."

"रजा मागितली कोणी?" मावशी उठल्या, खिडकीशी गेल्या, परत बसल्या.

उगम. "डच भाषेतून आलाय. आधी सैनिकांच्या सुट्टीला म्हणायचे."

"ते परत कधी जायचे?"

"ठरलेल्या तारखेला."

मावशींनी नोटीस उलटसुलट करून पाहिली. तारीख कुठेच नव्हती.

वापर. भाची तो वाचणार, तोवर मावशींनी चपला घातल्या होत्या.

कारखान्यातला कारकून म्हणाला, "तुम्हाला काढलेलं नाही, मावशी. फर्लो केलंय."

"मग परतीची तारीख लिहून द्या."

"वरून कळवतील."

"वरून म्हणजे? देव कळवणार?" मावशींनी पेन त्याच्यापुढे सरकवलं. त्याने ते परत त्यांच्याकडे सरकवलं.

तिथली रीत अशी, की रजेवर जाणारी बाई आपली कात्री मशीनवर ठेवून जाते आणि नोकरी सोडणारी घेऊन जाते. मावशी मशीनपाशी गेल्या. कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली आणि पिशवीत टाकली.

कारकुनाने अडवलं नाही.